कोंड्याचं गुपित

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका मंडळात मी व्याख्यान देणार होतो. विषय ठरवला होता चॅफ. लढाऊ विमानं शत्रूच्या रडारला चकवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेले केसासारखे धागे हवेत सोडतात, ते हे. छत्तीस वर्षं मी ग्वाल्हेरच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर फळ्यासमोर उभं राहायची हौस भागते ती अशाच एखाद्या निमित्तानं. पत्रिका छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी मंडळाचे एक कार्यकर्ते घरी आले. बसले, पाणी प्यायले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "सर, विषय जरा बदलता येईल का? म्हणजे कसं, महाराजपुऱ्याचा हवाई तळ इथून जवळ. उगाच कुणी काही बोलायला नको. तुम्ही ग्रहताऱ्यांवर बोला ना, ते सगळ्यांना आवडतं."

मी शनीच्या कड्यांवर बोललो. लोकांना आवडलं. कडी म्हणजेही शेवटी बारीक तुकड्यांचा एक ढगच, असं मनातल्या मनात म्हणून घेतलं.

त्या कार्यकर्त्याचा मला राग नाही. ते जे म्हणाले ते इथला कुणीही म्हणाला असता. पण ज्या गावाचं नावच लष्कर, त्या गावानं असं बिचकावं याची गंमत वाटते. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला, तंबूंच्या जागी वाडे झाले आणि छावणीचं नाव शहराला चिकटलं. आमच्या पत्त्यांमध्ये अजून गोठी आहेत, छावण्या आहेत. जिन्सी हा शब्द तर तोफखान्याबरोबरच आला. मिराज २००० विमानं १९८५ साली भारतात आली तेव्हापासून त्यांचं घर महाराजपुरा. गच्चीवर पतंग उडवणारं पोरही आवाजावरून सांगतं की हे मिराज की दुसरं काही. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटला गेलेली मिराज इथूनच उडाली, हे देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं. विमानतळ नकाशात आहे, त्याच धावपट्टीवरून आपण दिल्ली-मुंबईला जातो. आणि चॅफ कसं चालतं हे मात्र मांडवात बोलायचं नाही!

माझं म्हणणं साधं आहे. युद्धविद्येत काही गोष्टी गुप्त राहिल्याच पाहिजेत: कधी, कुठे, किती. पण 'कसं' आणि 'का' हे लपवून शत्रूचं काहीच बिघडत नाही, बिघडतं ते आपलं. आणि हे पटवायला चॅफइतकं चांगलं उदाहरण दुसरं मला माहीत नाही. म्हणून तेव्हा राहिलेलं व्याख्यान आता इथे.

चॅफ या शब्दाचा मूळ अर्थ कोंडा, भूस. रडार आकाशात लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं. विमानाच्या धातूवरून लहर उलटते म्हणून विमान दिसतं. आता तानपुरा डोळ्यांसमोर आणा. ग्वाल्हेरात ते अवघड नाही. एक तार छेडली की तिच्याशी जुळलेली शेजारची तार हात न लावता घुमते, न जुळलेली गप्प राहते. विजेला वाट देणारा बारीकसा धागा लहरीच्या निम्म्या लांबीचा कापला, की तो त्या लहरीशी असाच जुळतो आणि आपल्या अंगापेक्षा कितीतरी मोठा प्रतिध्वनी देतो. लढाऊ विमानांतली पुष्कळ रडार तीन सेंटिमीटरच्या आसपासची लहर वापरतात. म्हणजे धागा हवा दीड सेंटिमीटरचा.

हे गणित फळ्यावर करून दाखवायचं होतं, तेवढं करू द्या. असा एक धागा हवेत कसाही गिरक्या घेत असला तरी सरासरीनं रडारला सुमारे १.३५ चौरस सेंटिमीटरच्या वस्तूसारखा दिसतो. लहरीच्या लांबीचा वर्ग करायचा आणि ०.१५ ने गुणायचं, बस. एक लाख धागे नीट पसरले तर झाले साडेतेरा चौरस मीटर. लढाऊ विमान समोरून रडारला काही थोड्या चौरस मीटरांचंच दिसतं. आणि हे लाख धागे ठेवायला जागा किती? हल्लीचा धागा काचेचा असतो, वर ॲल्युमिनियमचा मुलामा, जाडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी. लाख धाग्यांची काच सगळी मिळून एक घन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. चहाचा चमचा रिकामा राहील. एवढ्याशा चिमटीतून आकाशात एक खोटं विमान उभं राहतं.

वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, मग विमानं पडतात कशाला? प्रश्न बरोबर आहे, कारण इथेच खरी मजा आहे. विमान सेकंदाला अडीचशे मीटर वेगानं धावतंय. धागे सुटल्या सुटल्या हवेत थबकतात आणि वाऱ्याबरोबर तरंगत खाली येऊ लागतात. येणाऱ्या वस्तूवरून उलटलेल्या लहरीचा सूर चढतो, स्टेशनात शिरणाऱ्या गाडीच्या शिटीसारखा. तीन सेंटिमीटरच्या लहरीला समोरून येणारं विमान सेकंदाला साडेसोळा हजारांहून जास्त कंपनांचा फरक पाडतं; दहा मीटरच्या वाऱ्यावर वाहणारा ढग पाडतो पावणेसातशेच्या आत. आधुनिक रडार या फरकावरून दोघांना वेगळं काढतं. खळ्यावर धान्य उफणताना कोंडा वाऱ्यानं उडतो आणि दाणा सरळ खाली पडतो, तसंच हे उफणणं, फक्त वजनाच्या जागी वेग.

मग वैमानिक काय करतो? तो स्वतःच काही क्षण कोंडा होतो. रडारकडे येणं सोडून तो आडवा वळतो, असा की रडारच्या दिशेनं त्याचा वेग जवळपास शून्य व्हावा. त्याच क्षणी मागे धागे सुटतात. आता उफणणाऱ्याच्या सुपात दोन्ही एकाच वजनाचे. रडारच्या मदतीनं मागावर आलेल्या क्षेपणास्त्राला निवड करायला दोन-चार सेकंदं असतात, आणि ती निवड चुकली तर चुकली. नाही चुकली तर वैमानिक गेला. नुसता कोंडा टाकून सरळ पळणारा वाचत नाही, नुसता वळणाराही वाचेलच असं नाही. दोन्ही एका क्षणात जुळावं लागतं.

यात लपवण्यासारखं काय आहे ते बघा. धाग्याची लांबी लहरीच्या निम्मी असते हे बी.एस्सी.च्या पुस्तकातून निघतं. वेगावरून वेगळं काढता येतं हेही तिथेच सापडतं. लपवायचं ते एवढंच: एका काडतुसात कोणकोणत्या लांबीचे धागे कोणत्या प्रमाणात भरले आहेत, कोणत्या रडारसमोर किती अंतरानं ती सोडायची, आपल्या तळावर साठा किती. आणि अजून एक, जे बाहेरच्याच्या लक्षात येत नाही. धागे एकमेकांना चिकटून गुंता झाला तर लाखाचे हजारच राहतात. ते न चिकटता अर्ध्या सेकंदात पसरावेत म्हणून मुलामा कसा द्यायचा, वर कसला लेप, कसं भरायचं, ही कारागिरी आहे, आणि ती व्याख्यान ऐकून कुणाला येत नाही. आमच्याकडे गजक कशाची करतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. तीळ आणि गूळ. करून दाखवा.

मराठी माणसाला तर ही युक्ती नवी नाहीच. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली, आणि पाठलाग चुकवण्यासाठी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे हाकललं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. खानाची फौज पलित्यांमागे गेली, महाराज सिंहगडाकडे. इतिहासकार या कथेला पुरावा मागतील, तो त्यांचा हक्क आहे. भाषेनं मात्र निकाल देऊन टाकला. 'कात्रजचा घाट दाखवणं' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. एक चमकणारी खोटी वस्तू एका दिशेला, खरी वस्तू अंधारात दुसऱ्या दिशेला: चॅफ म्हणजे तेच. आता विचार करा, ही युक्ती तर साडेतीनशे वर्षं पोवाड्यांत गायली गेली. म्हणून ती निकामी झाली का? रात्री डोंगरात दिवे हलताना दिसले, तर पाठलागावर निघालेल्या सरदाराला कथा माहीत असूनही ठरवावंच लागेल की तिकडे जायचं की नाही. युक्तीचं बळ ती माहीत नसण्यात नसतं. समोरच्याकडे विचार करायला वेळ नसतो, त्यात असतं.

याचा मोठा धडा दुसऱ्या महायुद्धात मिळाला, आणि तो गुप्ततेचाच धडा आहे. चॅफ तेव्हा धाग्यांचं नव्हे, पट्ट्यांचं असे आणि ब्रिटिशांनी त्या पट्ट्यांना नाव दिलं होतं विंडो. जोन करन या शास्त्रज्ञ बाईंनी १९४२ मध्ये वेगवेगळे आकार करून पाहिले आणि कागदावर धातूचा पातळ पत्रा चिकटवलेल्या पट्ट्या उत्तम चालतात हे दाखवलं. जर्मनांचं वुर्झबर्ग रडार साधारण ५३ सेंटिमीटरची लहर वापरायचं, म्हणून पट्टी २७ सेंटिमीटरची. सगळं तयार होतं. तरी वर्षाहून जास्त काळ त्या वापरल्या नाहीत. का, तर जर्मनांना कळेल आणि ते लंडनवर उलटवतील. या काळात ब्रिटिश बाँबर रडारच्या माऱ्यात पडतच होते.

आणि तिकडे? जर्मनांकडे हीच पट्टी होती. बर्लिनजवळच्या ड्युपेल या जागेवरून त्यांनी तिला तेच नाव दिलं होतं. ती आपल्या रडारचं काय करते हे पाहून वरचे हादरले, आणि जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग यानं तो विषयच दाबायला लावला. शत्रूच्या कानावर जायला नको! म्हणजे दोन्ही बाजूंच्या तिजोऱ्यांत एकच गुपित, दोन्ही बाजूंना एकच भीती. जपानी नौदलाचे वैमानिक तर १९४३ च्या मे महिन्यातच सॉलोमन बेटांवर 'फसवा कागद' टाकून मोकळे झाले होते.

२४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटिशांनी हँबर्गवर पहिल्यांदा विंडो टाकली. ७९१ विमानं निघाली, १२ पडली. त्या काळच्या मानानं हे नुकसान फारच थोडं होतं. जर्मन रडारवाल्यांच्या पडद्यावर हजारो विमानं दिसत होती आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आता माझा मुद्दा. उत्तर का नव्हतं? धोका ठाऊक नव्हता म्हणून नाही. धोका वरच्या चार माणसांना ठाऊक होता आणि ज्या अभियंत्यांनी तोड काढायची त्यांच्यापासूनच तो लपवलेला होता. गोअरिंगच्या गुप्ततेनं ब्रिटिशांचं काही अडलं नाही. अडलं ते जर्मन इंजिनियरांचं. हँबर्गनंतर विषय खुला झाला, तेव्हा त्यांनी काही महिन्यांत वेगावरून पट्ट्या वेगळ्या काढणारी जोडणी केली, रात्रीच्या लढाऊ विमानांची पद्धत बदलली. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गवर गेलेल्या ७९५ ब्रिटिश विमानांपैकी ९५ परतली नाहीत. माणसाला प्रश्न सांगा, तो उत्तर शोधतो. प्रश्नच कुलुपात ठेवला तर कोण शोधणार?

हँबर्गविषयी बोलताना एक गोष्ट गिळून पुढे जाणं मला जमत नाही. त्या आठवड्यातल्या हल्ल्यांत आणि आगीच्या वादळात सदतीस हजारांच्या आसपास माणसं मेली, बहुतेक साधी नागरिक. कागदाच्या पट्टीनं कुणाला मारलं नाही, तिनं वाट मोकळी करून दिली. वर्गात मी हे सांगायचो, आणि सांगितल्यावर थोडा वेळ पोरं गप्प बसायची. ते गप्प बसणंही शिक्षणच.

ब्रिटिशांची भीती खोटी होती का? नव्हती. १९४४ च्या सुरुवातीला जर्मनांनी लंडनवरच्या हल्ल्यांत आपल्या पट्ट्या खरोखर वापरल्या. पण तोवर युद्धाचं पारडं फिरलं होतं. आणि युक्ती उघड होऊन दहा महिने उलटल्यावर, जर्मनांना ती पुरती पाठ झालेली असताना, ६ जून १९४४ च्या आधीच्या रात्री ब्रिटिशांच्या ६१७ स्क्वॉड्रननं त्याच पट्ट्यांनी त्यांना पुन्हा कात्रजचा घाट दाखवला. लँकेस्टर विमानं ठरलेल्या लंबगोलात फिरत, प्रत्येक फेरीत थोडं थोडं पुढे सरकत, मोजून पट्ट्या टाकत राहिली. किनाऱ्यावरच्या रडारला वाटलं जहाजांचा ताफा संथ गतीनं येतोय. सैन्य उतरवणारा खरा ताफा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याकडे गेला. युक्ती जगजाहीर होती. गुप्त होतं ते फक्त 'आज, इथे, या वेगानं'.

आमचे शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले. चाळीस पावलांवर राहतात, रोज फाटकाशी भेटतात, आणि वीस वर्षांत त्यांनी मला त्यांच्या कामाबद्दल एक वाक्य सांगितलेलं नाही. त्यांना मी हा सगळा युक्तिवाद ऐकवला. ते म्हणाले, "सर, तुमचं पुस्तकात बरोबर आहे. पण ओठ म्हणजे नळ नाही, की थेंब थेंब सोडावा. माणसाला कसं आणि किती यातली रेघ कळत नाही. बोलायला लागला की सगळंच बोलतो. म्हणून आम्हाला शिकवतात, काहीच बोलू नका."

या आक्षेपापुढे मी थांबलो, कारण तो खरा आहे. ज्यानं काडतुसं हाताळली आहेत त्याच्या तोंडून 'कसं' निघालं की 'किती' मागोमाग येऊ शकतं. गणवेशातल्या माणसानं पूर्ण मौन पाळावं, त्याला माझा विरोध नाही. एप्रिल आणि मे २०२५ मध्ये सरकारनं वाहिन्यांना सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं, तेही योग्यच होतं. हालचाल म्हणजे 'कधी' आणि 'कुठे'. पण शेजाऱ्यांची शिस्त साऱ्या गावाला लावता येत नाही. त्यांना गुपित ठाऊक आहे म्हणून ते गप्प आहेत. आम्हाला काहीच ठाऊक नाही आणि तरी आम्ही गप्प. त्यांचं मौन कर्तव्याचं आहे, आमचं निव्वळ सवयीचं.

शिवाय सरकार स्वतः इतकं गप्प नाही. एप्रिल २०२१ मध्ये संरक्षण संशोधन संस्थेनं जाहीर केलं की जोधपूरच्या प्रयोगशाळेनं नौदलासाठी चॅफची तीन प्रकारची रॉकेटं केली, जवळच्या, मधल्या आणि लांबच्या पल्ल्याची. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं की जोधपूर आणि पुण्याच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेनं मिळून लढाऊ विमानांसाठी चॅफची काडतुसं विकसित केली, आणि हवाई दलाची दरवर्षीची गरज भागावी म्हणून तंत्रज्ञान उद्योगाला दिलं. जून २०२४ मध्ये नौदलाला मध्यम पल्ल्याचं नवं रॉकेट सुपूर्द केलं, तेही जाहीरपणे. २०२१ च्या बातमीखाली लोकांनी काय लिहिलं होतं ते मला आठवतं: शत्रूला कशाला सांगता? ज्या खात्याला गुपितं जपायची आहेत ते सांगायला तयार, आणि ज्यांच्याकडे एकही गुपित नाही ते तोंडावर बोट ठेवून बसलेले.

माझ्या दृष्टीनं त्या घोषणेतले महत्त्वाचे शब्द 'दरवर्षीची गरज' हे होते. चॅफ एकदा सोडलं की संपलं. सरावात संपतं, लढाईत संपतं. विमान तीस-चाळीस वर्षं टिकतं, त्याची चित्रं चौकात लागतात, त्याच्या खरेदीवर निवडणुका लढवल्या जातात. त्याला वाचवणाऱ्या काडतुसाचं चित्र कुणी लावत नाही. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात लष्कराच्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसही पुरणार नाहीत अशा अवस्थेत असल्याचं नोंदवलं होतं. तो हिशेब जमिनीवरच्या दारूगोळ्याचा होता, चॅफचा नव्हे. पण रोग एकाच जातीचा. खपणाऱ्या वस्तूकडे दुर्लक्ष करणं सोपं असतं, कारण ती असली तर दिसत नाही आणि नसली तर एकदाच कळतं. कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला आपलं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानं पाडलं, चारही जण गेले. उष्णतेमागे धावणाऱ्या क्षेपणास्त्राला भुलवणारे जळते गोळे, म्हणजे फ्लेअर, टाकायची सोय त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. संख्या गुप्त राहो. पण 'ही वस्तू का लागते' हे ज्या नागरिकाला कळत नाही, तो आपल्या खासदाराला 'पुरेशी आहे ना' एवढं तरी कसं विचारणार? माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात सुरक्षेसाठी कलम ८ आहे. त्या कलमानं उत्तर नाकारता येतं. प्रश्न सुचूच नये अशी तरतूद त्यात नाही. ती आपणच करून घेतली.

प्रश्न उघड झाला की देश कसा तयार होतो, हे समुद्रावर दिसलं. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी इस्रायलची ऐलात ही युद्धनौका बुडाली. जगभर चर्चा झाली. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या नौदलानं तीच क्षेपणास्त्रं कराचीसमोर वापरली आणि पाकिस्तानची खैबर बुडाली. बोटीवरच्या लोकांना वाटलं की विमान हल्ला करतंय. चार वर्षं जगाच्या वर्तमानपत्रांत असलेली गोष्ट खैबरवर पोहोचलीच नव्हती. ऑक्टोबर १९७३ मध्ये लताकियासमोर सीरियानं तीच स्टिक्स इस्रायली नौकांवर डागली, आणि चॅफ व इलेक्ट्रॉनिक चकव्यांच्या जोरावर इस्रायलनं एकही नौका गमावली नाही. क्षेपणास्त्र एकच. फरक, कुणी त्याचा अभ्यास केला होता, एवढाच.

चॅफचे तोटे आहेतच, तेही बोलायला हवेत. चकवलेलं क्षेपणास्त्र हवेत विरून जात नाही. २५ मे १९८२ ला फॉकलंडच्या लढाईत युद्धनौकांनी चॅफनं चुकवलेली एक्झोसेट क्षेपणास्त्रं पुढे अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजावर गेली. त्याच्याकडे चॅफ नव्हतं. बारा माणसं मेली. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय-इंडियानाच्या आकाशात कोरड्या संध्याकाळी हवामानाच्या रडारवर पाऊस दिसू लागला. तो पाऊस म्हणजे एका सैनिकी मालवाहू विमानानं सरावात सोडलेलं चॅफ होतं. काचेचे हे धागे जमिनीवर पडल्यावर काय होतं, यावर तिथे सरकारी अहवाल निघाले, वाद झाले. आपल्याकडे हा वाद होण्याइतकीही माहिती लोकांत नाही.

आणि आता तर अज्ञान परवडणारंही नाही. ७ मे २०२५ ला नागरी संरक्षणाच्या सरावासाठी निवडलेल्या गावांत ग्वाल्हेर होतं. भोंगे वाजले, संध्याकाळी दिवे मालवले. शेजारची नात आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि तिनं विचारलं, "आजोबा, अंधार केला तर विमानाला रडार नसतं का?" फार चांगला प्रश्न. अंधार डोळ्यांसाठी, रडारला तो नसतोच. त्या रात्रीपासून पुढचे दोन-तीन दिवस फोनवर जे फिरत होतं ते आठवा. संगणकाच्या खेळातली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून आली. एका वाहिनीनं कराची बंदर संपवलं, दुसरीनं आणखी काही. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं, इंजिनियर आहे तो, मला एक चित्रफीत पाठवली: विमानामागे पेटत्या गोळ्यांची माळ. खाली लिहिलं होतं, 'आपलं चॅफ'. चॅफ पेटत नाही, लखलखत नाही, रात्री तर अजिबात दिसत नाही. जळतात ते फ्लेअर. एवढं जरी लोकांना ठाऊक असतं तरी निम्म्या अफवा ओट्यावरच गळून पडल्या असत्या. दिवे मालवा म्हटल्यावर जो समाज मालवतो, त्याला कशासाठी हे सांगायला काय हरकत होती?

मी त्या मुलाला काही बोललो नाही. चूक त्याची कमी, माझी जास्त. तानपुऱ्याची तार मी त्याला शिकवली होती, पुढचं शिकवलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी घराच्या अंगणात सात-आठ पोरं जमवली. स्वयंपाकघरातला चकचकीत कागद आणला आणि सव्वासहा सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या, कारण घरातल्या वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटरची. दोरीला टांगून राउटरसमोर धरल्या. खरं सांगायचं तर धड काही दिसलं नाही. फोनवरचे आकडे वरखाली झाले, पण ते एरवीही होतात. पोरांना मात्र मजा आली. मधेच महाराजपुऱ्याहून दोन विमानं गेली. बोलणं बंद, सगळ्या माना वर. आवाज विरल्यावर शेजारच्या नातीनं विचारलं, "आजोबा, यांच्याकडे आता किती पट्ट्या असतील?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही, आणि कळलं तरी तुला सांगणार नाही. तिला ते लगेच पटलं. मोठ्यांना जी रेघ कळणार नाही म्हणून आपण घाबरतो, ती नऊ वर्षांच्या पोरीला एका वाक्यात कळली.

यंदाच्या गणेशोत्सवासाठी मी मंडळाला पुन्हा विषय कळवला आहे: 'कात्रजचा घाट, एक वैज्ञानिक विचार'. परवा तेच कार्यकर्ते आले. बसले, पाणी प्यायले. विषय सगळ्यांना फार आवडला म्हणाले, पत्रिकेत पहिल्याच दिवशी टाकलाय. फक्त एक विनंती आहे, शाहिस्तेखानाच्या बोटांचा प्रसंग जरा रंगवून सांगा.